काळ्या मातीला चुना

देवळीकडचे एक नातेवाईक गेल्या पावसाळ्यात घरी आले होते. फाटकातून आत येताना मी हातात मगा घेऊन हिरवळीवर वाकलेला त्यांना दिसलो. काय चाललंय ते कळल्यावर म्हणाले, "आम्ही हराळी खोदू खोदू थकलो, अन् तुम्ही तिले खत घालता का जी?"

त्यांचं खरंच होतं. कपाशीत ही हराळी शिरली की दोन वखरण्यांत हटत नाही. गणपतीपुढे ठेवली की तीच दूर्वा होते. आणि वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेच्या एखाद्या ले-आउटमध्ये घर बांधून झालं, पुढे पाच-सहाशे फूट जागा उरली, की तिथे तिचीच रोपं टोचून आपण तिला लॉन म्हणतो. काहीजण मेक्सिकन किंवा कोरियन गवताची तयार चटई आणून अंथरतात. नाव कुठलंही असो, पहिलं वर्ष हिरवंगार जातं आणि दुसऱ्या पावसाळ्यात, चांगली आठवडाभराची झड लागून गेल्यावर, गवत पिवळं पडतं. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो युरिया टाका, दुसरा म्हणतो चुलीची राख टाका, आणि मोबाइलवर बागकामाचे व्हिडिओ बघणारा तिसरा म्हणतो, मातीत चुना घाला.

या तिघांपैकी चुनावाल्याची गोष्ट आधी सांगतो, कारण सगळ्यांत मोठी चूक तिथे आहे.

हिरवळीला चुना घालण्याचा सल्ला खोटा नाही, तो परगावचा आहे. इंग्लंड किंवा अमेरिकेचा ईशान्य भाग अशा पावसाळी प्रदेशांत मातीतला चुना वर्षानुवर्षं पाण्याबरोबर वाहून जातो, माती आम्ल होते, आणि चुना घालून ती ताळ्यावर आणावी लागते. एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथली जांभ्याची माती आम्लच असते. वर्ध्याचं उलट आहे. आपली काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेल्या बेसाल्टची. त्या खडकात कॅल्शियम भरपूर, आणि पाऊस त्याच्या मानाने बेताचा, हजार मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्या पावसाने चुना वाहून जात नाही, थोडा खाली सरकतो आणि तिथेच खड्यांच्या रूपात बसतो. पायाचं खोदकाम चालू असताना मातीत जे पांढरे बोराएवढे खडे निघतात ना, ती चुनखडी. त्या मातीला आणखी चुना लावणं म्हणजे दुसऱ्या अर्थाने स्वतःलाच चुना लावून घेणं.

राखेचंही तेच. राख अल्कधर्मी असते आणि तिच्यात पालाश असतो. आपल्या मातीत दोन्ही आधीच जास्त.

तर मग कशाची कमतरता आहे? हे मातीला विचारावं लागतं. विचारायची सोय आहे. कृषी विभागाच्या जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळा आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सुरतगडहून सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेमुळे मातीचा कागद ही वस्तू गावोगावी माहीत झाली. त्या पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: सामू (म्हणजे पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन ही सूक्ष्मद्रव्यं. पण कोणाच्या तरी शेताच्या पत्रिकेवरून आपल्या अंगणाचा हिशेब करू नये. त्या योजनेत कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे एक नमुना घ्यायचं ठरलं होतं. आणि तुमचं घर ज्या शेतावर उभं आहे त्या शेताची माती तुमच्या अंगणात असेलच असं नाही. पायातून निघालेली खालची चुनखडीची माती वर आलेली असते, तिच्यावर मुरमाची एक ट्रॉली, त्यात प्लास्टरचं उरलेलं खरकटं, आणि वर तोंडी लावण्यापुरती काळी माती. कंपाउंडच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात तर सिमेंटच सिमेंट. म्हणून नमुना आपलाच हवा, आणि भिंतीलगतची माती त्यात नको.

नमुना घेण्यावर बहुतेकजण पाच मिनिटं घालवतात. घालवावा अर्धा तास. प्रयोगशाळेत जाणारी माती अर्धा किलो, त्यातली प्रत्यक्ष तपासली जाणारी चिमूटभर, आणि तिच्यावरून अख्ख्या अंगणाचा निवाडा. त्यामुळे चिमूट प्रामाणिक असली पाहिजे. हिरवळीत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं धरायची. प्रत्येक ठिकाणी गवत आणि त्याखालचा वाळलेल्या काड्यांचा थर खुरप्याने बाजूला करायचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करायचा आणि त्याच्या बाजूची बोटभर जाडीची चकती वरपासून खालपर्यंत तासून घ्यायची. शेतासाठी ही खोली पंधरा-वीस सेंटिमीटर सांगतात. लावलेल्या हिरवळीला दहा पुरे, कारण खत आपण वरूनच देणार. नवीन गवत लावायचं असेल तर मात्र पंधरापर्यंत जा. सगळी माती प्लॅस्टिकच्या टोपल्यात घ्यायची. जस्ताचा मुलामा चढवलेली बादली घेतली तर अहवालात जस्त उत्तम येईल आणि ते बादलीचं असेल. गंजलं खुरपं लोहाचा आकडा असाच फुगवतं. मग माती कागदावर पसरून सावलीत वाळवायची, ढेकळं फोडायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. पिशवी स्वच्छ घ्यावी. खताची रिकामी पिशवी सगळ्यांत हाताशी असते आणि सगळ्यांत वाईट ठरते.

वेळ? शेवटच्या खतानंतर दोन-तीन महिने होऊ द्या. आपल्याकडे मे महिना सोयीचा. पावसात काळी माती खुरप्याला अशी चिकटते की चकती निघत नाही, गोळा निघतो.

आता कागद हातात आला असं समजू. उदाहरणापुरते आकडे घेतो, पण वर्ध्याच्या काळ्या मातीत असेच काहीसे दिसतात: सामू ८.२, क्षारता ०.३५, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, उपलब्ध नत्र हेक्टरी १९० किलो, स्फुरद १३, पालाश ४२०, चुनखडी ५ टक्के, जस्त ०.५, लोह ३.८. 

पालाशापुढे अत्यंत जास्त असा शेरा असतो, कारण हेक्टरी तीनशेच्या वर गेलं की आपल्याकडे तो वर्ग लागतो. म्हणजे दुकानात हिरवळीसाठी म्हणून जे १९:१९:१९ गळ्यात मारतात, त्याच्या पिशवीतला एक तृतीयांश माल तुम्हाला नकोच आहे. कागदाचा पहिला उपयोग हा, काय विकत घ्यायचं नाही ते कळतं. क्षारता एकच्या खाली आहे, तीही ठीक. नत्र २८० च्या खाली, म्हणून कमी. स्फुरद चौदाच्या खाली, तोही कमी. जस्ताची किमान रेषा ०.६ ची, लोहाची ४.५ ची, दोन्ही आपण चुकवलेल्या.

नत्र, स्फुरद, पालाशाचे आकडे हेक्टरी किलोत आणि आपलं अंगण पाचशे चौरस फूट. इथे माणसं कागद घडी करून कपाटात ठेवतात. खरं तर सोपं आहे. हेक्टरी एक किलो म्हणजे चौरस मीटरला एक दशांश ग्रॅम. पाचशे चौरस फूट म्हणजे साडेशेहेचाळीस चौरस मीटर. हे दोन आकडे भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवले की काम झालं. एकरात आणि गुंठ्यात विचार करायची सवय असलेल्यांनी लक्षात ठेवावं, आपली हिरवळ अर्ध्या गुंठ्यालाही थोडी कमीच पडते. हात त्या मापाने सैल सोडावा.

सामूचा आकडा बघून पुष्कळजण घाबरतात. गवताला साडेसहा-सातच्या आसपास आवडतं, आपला ८.२. मग कोणी गंधक घालायला सांगतो, कोणी जिप्सम. गंधकाचा हिशेब एकदा करून बघा, करमणूक होईल. साडेशेहेचाळीस चौरस मीटरचा पंधरा सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे सात घनमीटर, सुमारे नऊ टन माती. तिच्यात पाच टक्के चुनखडी म्हणजे साडेचारशे किलो. शंभर किलो चुनखडी खपवायला बत्तीस किलो गंधक लागतं. म्हणजे जवळजवळ दीड क्विंटल गंधक, एवढ्याशा अंगणात! तेवढं ओतलं तर गवतच उरणार नाही, आणि ओतून झालं तरी खालून केशवाहिन्यांनी आणि वरून बोअरच्या जड पाण्याने चुना येतच राहणार. चुनखडीच्या जमिनीचा सामू बदलायचा नाद सोडून द्यावा हे उत्तम. जिप्समचं काम वेगळं. ते चोपण जमिनीचं औषध आहे, जिथे सोडियम चढलेला असतो. नुसती चुनखडी सामूला ८.४ च्या आसपास अडवून धरते. तुमचा आकडा साडेआठच्या वर असेल तर सोडियमचा संशय घ्यावा आणि तशी तपासणी मागावी. आठ-सव्वाआठाला जिप्समचं पोतं आणणं म्हणजे ताप नसताना क्रोसिन घेणं.

मग पिवळेपणाचं काय? 

गुडघे टेकून, चष्मा लावून, एक काडी उपटून बघा. जुनी, खालची पानं पिवळी आणि वरची बरी असतील तर नत्राची भूक आहे. गवत नत्र जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. नवी, टोकाची पानं पिवळी आणि त्यांत लांबीने बारीक हिरव्या रेघा असतील तर लोह मिळत नाहीये, कारण लोह असं एका पानातून दुसऱ्यात फारसं हलवता येत नाही. आपल्या मातीत लोह नाही असं मुळीच नाही. बेसाल्टमध्ये ते भरपूर असतं. पण चुनखडीच्या, आठच्या वरच्या सामूच्या मातीत ते गंजाच्या रूपात पडून राहतं, मुळांच्या हाती लागत नाही. झडीत तर आणखी वाईट. काळी माती फुगते, भेगा मिटतात, मुळांना हवा मिळत नाही, चुनखडीतून बायकार्बोनेट पाण्यात उतरतं आणि लोहाची वाट पुरती बंद होते. म्हणून गवत मेमध्ये नव्हे, जुलै-ऑगस्टमध्ये पिवळं पडतं, पाणी भरपूर असताना. 

माझ्या हातून चूक झाली ती इथेच. पिवळं दिसलं की युरिया, एवढंच मला ठाऊक होतं. मुठीने फेकला. दोन दिवस उघडीप पडली आणि जिथे मूठ जास्त सैल सुटली तिथे ताटाएवढे तपकिरी गोल उमटले. बाकीचं गवत पिवळं ते पिवळंच.

लोहाची परीक्षा मात्र अगदी स्वस्त आहे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम, आणि त्यात ग्रॅमभर लिंबूफूल, जे आपण स्वयंपाकघरात वापरतो तेच. लिंबूफूल आधी घालायचं, नाहीतर बोअरच्या पाण्यात हिराकस लगेच तांबूस होतं आणि निकामी ठरतं. हे द्रावण संध्याकाळी हातपंपाने फक्त चटईएवढ्या तुकड्यावर फवारा. चार-पाच दिवसांत तो तुकडा बाजूच्यापेक्षा ठळक हिरवा दिसला तर निदान झालं. मग सगळ्या हिरवळीवर चार-पाच लिटर फवारायचं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. हिराकस मातीत टाकून उपयोग नाही, चुनखडी त्याचा दोन दिवसांत पुन्हा गंज करते. ते पानालाच द्यायचं. फरशीपासून, पांढऱ्या भिंतीपासून लांब राहा. डाग निघत नाहीत, घरातून बोलणी बसतात. बाजारात चिलेटेड लोह मिळतं, त्यात ईडीटीए आणि ईडीडीएचए असे दोन प्रकार असतात. आपल्या सामूला पहिला मातीत टिकत नाही, दुसरा टिकतो, आणि दुसरा बराच महाग.

नत्र तर द्यावंच लागतं. एका हप्त्याला चौरस मीटरला पाच ग्रॅम नत्र ही वरची मर्यादा समजावी. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे पाचशे चौरस फुटांना अर्धा किलो युरिया. तोही पंधरा दिवसांच्या अंतराने पाव-पाव किलो करून, वाळलेल्या बारीक रेतीत किंवा गांडूळखतात मिसळून, आडवा एकदा आणि उभा एकदा फेकावा, आणि ताबडतोब पाणी द्यावं. गरम, अल्कधर्मी मातीवर युरिया तसाच पडला तर त्यातलं बरंचसं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. वर्षाला असे चार हप्ते धरले तर दोन किलो झाले. युरियाचं सरकारी पोतं ४५ किलोचं, म्हणजे ते बावीस वर्षं पुरेल. ते पोतं अनुदानातलं आहे आणि खरिपात त्याच्यासाठी रांगा लागतात. तेव्हा अख्खं पोतं घरी आणू नये, ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन किलो मागून घ्यावा. नाहीतर अमोनियम सल्फेट वापरावं. त्यात नत्र निम्म्याहून कमी, पण गंधक मिळतं आणि मुळाभोवतीचा सामू किंचित का होईना खाली येतो. पाचशे फुटांना सव्वा किलोच्या आत.

हप्ते जून अखेर, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्च असे. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड पडतात, हराळी झोपते आणि भुरकट होते. तिला उठवायला जाऊ नये. मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना तर खताचा डबा लपवून ठेवा. स्फुरदासाठी वर्षातून एकदा दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट, तेही पाऊस सुरू होताना. जस्तासाठी शंभर-सव्वाशे ग्रॅम झिंक सल्फेट, वेगळ्या दिवशी. सुपर फॉस्फेटबरोबर एकत्र केलं तर दोघं एकमेकांना धरून बसतात आणि गवताला कोणीच मिळत नाही.

एवढं सगळं सांगितलं तरी माझ्या मते कागदावरचा खरा आकडा सेंद्रिय कर्बाचा. ०.४२. आपल्या उन्हात मातीतला पालापाचोळा जळतो, दरवर्षी थोडाथोडा. कर्ब वाढला की बाकीची गाऱ्हाणी आपोआप कमी होतात. नत्र साठतं, लोह-जस्त मुळांना मिळतील अशा रूपात टिकतं, आणि भारी मातीत हवा खेळते. काहीजण माती हलकी करायला थोडी रेती मिसळतात. काळ्या मातीत थोडी रेती म्हणजे वीट. निम्म्याहून जास्त रेती घातल्याशिवाय मातीचा पोत बदलत नाही. खताने बदलतो, सावकाश.

आणि खताच्या बाबतीत वर्ध्याने दुसरीकडे बघायची गरज नाही. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला गेले तेव्हा त्यांनी तिथली शेतकी संस्था पाहिली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथेच कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली होती. तेव्हा गांधीजींचा मुक्काम वर्ध्याच्या मगनवाडीत होता, पुढच्या वर्षी ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. पवनारच्या बाजूच्या सुरगावात विनोबा १९४६-४७ च्या सुमारास रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून मैलासफाईला जात. मैला आणि कचरा हे खत आहे, हा विचार या जिल्ह्यात एका पिढीने हातांनी केलेला आहे. आपल्याला फक्त शेजारच्या कडुनिंबाचा आणि आंब्याचा पाला जाळायचा थांबवायचा आहे.

जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट चाळणीतून चाळून हिरवळीवर अर्धा सेंटिमीटर पसरावं. पाचशे फुटांना आठ-नऊ घनफूट लागतं, म्हणजे दहा-बारा घमेली. झाडूने गवताच्या मुळाशी लोटून द्यायचं, पात्याची टोकं वर दिसली पाहिजेत. आधी माती काट्याने टोचून भोकं पाडली तर उत्तम. खत कुजलेलं हवं याचा आग्रह धरा. कच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या येतात, त्या मुळं खातात आणि गवत गालिच्यासारखं उचलून हातात येतं. गाजरगवताचं बी येतं ते वेगळंच. कापलेलं गवत फार लांब नसेल तर तिथेच पडू द्यावं. त्यातलं नत्र तुम्हीच विकत घेतलेलं असतं, ते कचऱ्याच्या गाडीत कशाला घालायचं?

कागदावर न येणारी एक गोष्ट राहिली, कूलर. आपल्याकडे मार्च ते जून कूलर चालतो, आणि हंगाम संपल्यावर टाकीतलं पाणी वाया जाऊ नये म्हणून आपण ते मोठ्या समाधानाने हिरवळीवर सोडतो. कूलरच्या ताट्यांवर पांढरी खरपुडी धरते ती आठवा. पाणी उडून गेलं आणि क्षार मागे राहिले, दिवसागणिक घट्ट होत. आरओच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही थोडंफार तसंच. मी दोन वर्षं कूलरचं पाणी एकाच कोपऱ्यात सोडत होतो, आणि त्याच कोपऱ्यात गवत का टिकत नाही म्हणून नर्सरीतून नवी चटई आणत होतो. आता ते पाणी नालीत जातं. पावसाळ्यात छतावरून पडणारं पाणी मात्र पाइप वळवून त्या कोपऱ्यात सोडलं आहे. क्षार धुवायला त्याच्यापेक्षा चांगलं काही नाही.

गणपतीच्या आठवड्यात शेजारच्या काकू दूर्वा खुडायला येतात. हिराकसाच्या फवाऱ्याने पात्यांवर कधीकधी तांबूस ठिपके पडतात, तसल्या दूर्वा त्यांना वाहवत नाहीत. म्हणून फाटकाजवळची हातभर रुंदीची पट्टी मी फवारणीतून सोडून देतो. तिथल्या दूर्वा बाकीच्या हिरवळीपेक्षा स्पष्ट पिवळसर असतात. मी ते दाखवलं तर काकू म्हणाल्या, "चालते जी, देवाले काही नाही होत."